आर्ल ते नीस : उलट्या सीटवरून

दिवस तिसरा, रात्र

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावातली आमची शेवटची रात्र. जेवणं आटोपल्यावर ह्यांनी पलंगावर नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि उद्याचा मार्ग बोटाने दाखवला. आर्लहून मार्सेय, तिथून ला सिओता, मग तुलाँ आणि शेवटी नीस. चार गाड्या, चारही साध्या.

लेक ग्रनोबलला नोकरी करते. फोनवर तिने खूप समजावलं. "बाबा, मार्सेयहून नीसला वेगवान गाडी आहे, मी सीट राखून देते, तुम्ही फक्त बसा." हे ऐकेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. पॅरिसहून येणारा वेगवान मार्ग २००१ मध्ये मार्सेयपर्यंत आला आणि तिथेच संपला. पुढे नीसपर्यंत ती नामांकित गाडीसुद्धा समुद्रकाठच्या जुन्याच रुळांवरून, साध्या गाडीच्या चालीने जाते. दोघींना अडीच तासांच्या वर लागतात. मग जिथे मनात येईल तिथे उतरता येणारी गाडी का घ्यायची नाही? प्रादेशिक गाड्यांत सीटचा नंबर नसतो, रिकामी दिसेल तिथे बसायचं. हे शेवटचं त्यांना फार आवडलं होतं.

हे भुसावळ मंडळात तेहतीस वर्षं गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हे त्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या घरात तो शब्द गार्ड असाच राहिला. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यातला माणूस. ड्रायव्हरला पुढचं दिसतं, गार्डाला मागचं. भुसावळ ते इगतपुरी या पट्ट्यातली पाचोऱ्याची कपाशी, मनमाडजवळची हडबीची शेंडी, नाशिकचे द्राक्षमळे, सगळं ह्यांनी आयुष्यभर पाठीमागे सरकत जाताना पाहिलं. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मालगाडीवर, म्हणजे रात्री-अपरात्री, दिवा नसलेल्या ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने. मी घरी पोरांचे अभ्यास घेत बसायची आणि यार्डातली शिट्टी ऐकून अंदाज बांधायची.

दिवस चौथा, सकाळ : आर्ल

सकाळी खिडकी उघडली आणि वाऱ्याने पडदा अंगावर फेकला. मिस्त्राल सुटला होता. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून खाली येणारा हा कोरडा, गार वारा. दोन दिवस नुसतं नाव ऐकत होतो, आज भेटला. आकाश मात्र त्याने असं लख्ख धुऊन काढलं होतं की लांबच्या घराचं कौल न् कौल दिसत होतं.

गाडीला तासभर अवकाश होता, म्हणून चाकांच्या दोन बॅगा ओढत आम्ही आधी लामार्तीन चौकात गेलो. जुन्या गावाच्या उत्तरेच्या वेशीबाहेर हा चौक आहे, स्टेशनापासून पाच मिनिटांवर. इथेच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं पिवळं घर होतं, त्याने चित्रात रंगवलेलं. आज ते नाही. २५ जून १९४४ च्या बाँबफेकीत ते पडलं. त्या जागी रस्ता आणि हिरवळ आहे, आणि बाजूला त्या चित्राची प्रत लावलेली पाटी. पाटीसमोर उभं राहून मान वर केली की चित्रातल्या घरामागची ती उंच चार मजली इमारत जशीच्या तशी समोर असते. घर गेलं, शेजार राहिला.

मी चित्रातला पिवळा आणि निळा रंग बघत होते. ह्यांनी बोट ठेवलं ते चित्राच्या उजव्या कडेला. "हे बघ, पुलावरून गाडी चाललीय." खरंच, रस्त्याच्या टोकाला रेल्वेचा पूल आणि त्यावर धूर सोडत जाणारी गाडी. शाळेत मुलांना चित्रकलेच्या तासाला हे चित्र मी कितीदा दाखवलं असेल, पण ती गाडी कधी दिसलीच नव्हती. तो पूल अजून आहे. आम्ही बघत होतो तेव्हाच त्यावरून एक मालगाडी गेली, आणि हे डबे मोजत उभे राहिले.

व्हिन्सेंट या गावात आला तोही गाडीनेच. २० फेब्रुवारी १८८८, गावात बर्फ पडलेलं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तो इथून गेला. पंधरा महिनेसुद्धा पुरते नाहीत, आणि तेवढ्यात सुमारे दोनशे चित्रं. मित्र म्हणून ज्याची वाट पाहत तो घर सजवत होता तो चित्रकार गोगँ २३ ऑक्टोबरला पहाटेच्या गाडीने उतरला आणि उजाडेपर्यंत स्टेशनाजवळच्या रात्रभर चालणाऱ्या कॅफेत बसून राहिला. व्हिन्सेंटने कॅफेवाल्याला त्याचं चित्र आधीच दाखवून ठेवलं होतं, त्यामुळे मालकाने त्याला बघताक्षणी ओळखलं. पाहुणा येणार म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवणारा माणूस! दोन महिन्यांनी त्या दोघांचं भांडण झालं आणि व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला, हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण मला त्या चौकात उभं राहून आठवत राहिली ती ही आधीची पहाट.

नदी तिथून अगदी जवळ. काठावर उंच चौथऱ्यांवर दगडी सिंहांची जोडी बसली आहे आणि पलीकडच्या काठावर त्यांचे जोडीदार. मध्ये काहीच नाही, फक्त पाणी. आर्लहून ल्यूनेलकडे जाणारा रेल्वेमार्ग इथून नदी ओलांडत होता. ऑगस्ट १९४४ मध्ये पूल उडाला तो पुन्हा बांधला गेला नाही. सिंह मात्र जागेवर राहिले. वाऱ्याने पाण्याला शहारे येत होते. ह्यांनी हात चौथऱ्यावर टेकवला, दगडावरचं शेवाळ नखाने जरासं खरवडलं आणि म्हणाले, "मालाच्या किती गाड्या गेल्या असतील इथून." मी काही बोलले नाही. रेल्वेच्या माणसाला पडका पूल म्हणजे काय, हे भुसावळात राहून मला कळतं.

आर्ल ते मार्सेय

गाडी वेळेवर आली. तिकीट तपासनीस तरुण मुलगी होती. तिने दारात उभं राहून फलाटाच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, सगळी दारं लागल्याची खात्री केली आणि मगच स्वतःचं दार लावून घेतलं. हे ते सगळं इतक्या बारकाईने बघत होते की तिच्या लक्षात आलं. ह्यांनी छातीवर हात ठेवून "इंडिया, गार्ड, ट्रेन" एवढं सांगितलं. ती क्षणभर थांबली, मग हसून तिने हात पुढे केला. तिकीट बघायचं ती विसरलीच, परत फिरून आली तेव्हा बघितलं.

आम्ही उजवीकडची खिडकी धरली. समोरासमोर चार सीटा होत्या. हे न विचारता उलट्या तोंडाच्या सीटवर बसले, गाडीच्या दिशेला पाठ करून. मी सुलट बसले. मला उलटं बसलं की गरगरतं.

आर्ल सोडलं की क्रो नावाचं मैदान लागतं. कधीकाळी द्युरांस नदी इकडून वाहत होती, तिने आणून टाकलेल्या गोट्यांचा हा सपाट, कोरडा पसारा. पण जिथे कालव्याचं पाणी पोचलंय तिथे हिरवंगार गवत आहे, आणि ते गवत साधंसुधं नाही. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जसं भौगोलिक मानांकन असतं तसं फ्रान्समध्ये क्रोच्या वाळल्या गवताला आहे. त्याचे गठ्ठे लाल-पांढऱ्या दोरीने बांधतात, म्हणजे घेणाऱ्याला खूण पटते. शेतांच्या कडेने सरूच्या झाडांच्या दाट रांगा होत्या, सगळ्या पूर्व-पश्चिम. आधी वाटलं शोभेसाठी लावल्यात. मग कळलं की ही मिस्त्रालला अडवणारी भिंत आहे. जुन्या शेतघरांनासुद्धा उत्तरेला खिडक्या नसतात. वाऱ्याकडे पाठ करून बसलेली घरं.

मिरामास गेलं आणि उजव्या हाताला पाणी चमकायला लागलं. ते बेरचं सरोवर, समुद्राला जोडलेलं खारं पाणी. काठाने तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, चिमण्या, मग विमानतळ. इथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही. पुढे गाडी एकदम अंधारात शिरली. नेर्तचा बोगदा, साडेचार किलोमीटरहून लांब, १८४८ सालचा. हे घड्याळ बघून म्हणाले, "आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. तिच्याही पाच वर्षं आधी ह्यांनी हा डोंगर पोखरून ठेवला होता." कसारा घाटातल्या बोगद्यांतून हजारदा गेलेला माणूस त्या अंधारात गप्प बसून राहिला, कान देऊन. बोगद्यात रुळांचा आवाज बदलतो, भिंत किती जवळ आहे हे आवाजावरून कळतं, असं ते नेहमी सांगतात.

आणि मग उजेड. बोगद्याबाहेर पडताच लेस्ताकची लाल कौलं, त्यांच्या खाली थेट समुद्र, आणि आखाताच्या पलीकडे पसरलेलं मार्सेय. चित्रकार सेझानने हीच छपरं आणि हाच समुद्र पुन्हा पुन्हा का रंगवला हे त्या दोन मिनिटांत समजलं. माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. ह्यांना ते माझ्यानंतर दिसलं, पण माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसत राहिलं. उलट्या सीटचा हा फायदा मला तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आला.

मार्सेय, दुपारपर्यंत

सँ शार्ल स्टेशन टेकडीवर आहे. सामान स्टेशनातच ठेवायला दिलं आणि बाहेर आलो तर पायाखाली सगळं शहर. १९२७ मध्ये उद्घाटन झालेला तो भव्य जिना, १०४ पायऱ्या, आणि समोर लांब टेकडीवर नोत्र दाम द ला गार्दचं देऊळ. जिन्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेललेली दोन स्त्रीशिल्पं आहेत, एक आशियातल्या वसाहतींचं आणि दुसरं आफ्रिकेतल्या. दगडाचं काम सुरेख आहे यात शंका नाही. पण आपल्या सत्तेखालच्या देशांना असं पायरीशी लोळवून ठेवलेलं बघून मला बरं वाटलं नाही. आपणही कोणाची तरी वसाहत होतो, हे त्या जिन्यावर एकदम आठवतं.

उतरून कानबियेर रस्त्याने सरळ चालत गेलो की जुनं बंदर. कानबियेर हे नाव तागासारख्या भांगेच्या झाडावरून आलंय. जहाजांचे दोर त्याच्या वाखाचे वळत. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशांनी वसवलेलं हे बंदर, तेव्हापासून अखंड चालू. सकाळची मासळी विकणाऱ्या बायका आवरत होत्या. पाण्याच्या बादल्या ओतत एकमेकींना हाका मारणं थेट भाऊच्या धक्क्यासारखं. जवळच २०१३ मध्ये बांधलेलं आरशासारख्या पोलादाचं मोठं छत आहे. खाली उभं राहिलं की आपणच डोक्यावर उलटे चालताना दिसतो.

पण आम्ही मार्सेयला उतरलो होतो ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या पुस्तकांत या शहराचं नाव मार्सेलिस होतं. मराठी माणसाला मार्सेलिस म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो, उडी. ८ जुलै १९१०. लंडनमध्ये पकडलेल्या सावरकरांना हिंदुस्थानात नेणारी मोरिया बोट इथे थांबली होती. पहाऱ्यावरच्या शिपायांची नजर चुकवून ते शौचकूपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि फ्रान्सच्या भूमीवर धावत सुटले. फ्रेंच शिपायाने पकडलं आणि परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. दुसऱ्या देशाच्या जमिनीवर पकडलेल्या माणसाला असं परत देता येतं का, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : अटकेत अनियमितता झाली खरी, पण ब्रिटनवर कैद्याला परत करण्याचं बंधन नाही.

मोठ्या आगबोटी या जुन्या बंदरात लागत नसत, त्यांच्या गोद्या उत्तरेला. म्हणून आम्ही बंदराच्या तोंडाशी असलेल्या सँ जाँ किल्ल्यावर चढलो. किल्ल्यात फिरायला पैसे लागत नाहीत. तटावरून जॉलिएतच्या गोद्या आणि त्यापलीकडचे लांबलचक धक्के दिसतात. कॉर्सिकाला जाणारी पांढरी बोट उभी होती. हे बराच वेळ काही न बोलता पाहत राहिले. भगूर हे सावरकरांचं गाव देवळाली स्टेशनाला लागून. "हजारदा तरी देवळालीहून गाडी काढली असेल," ते म्हणाले, "आणि दर वेळी मनात यायचं, हा पोरगा इथून निघाला आणि कुठे जाऊन उडी मारली." गोदीच्या कडेची ती काळपट, उभी दगडी भिंत वरून दिसत होती. ओल्या अंगाने अशा भिंतीवर चढायचं कसं, हाच एक विचार माझ्या डोक्यात घोळत होता.

भूक लागली होती. घरून आणलेल्या दशम्या दुसऱ्याच दिवशी संपल्या होत्या, मेतकूट तेवढं उरलेलं. बंदरामागच्या गल्लीत एका छोट्या खाणावळीत पानिस खाल्लं. फळ्यावर नाव वाचून मी मालकिणीला विचारलं तेव्हा तिने आत नेऊन पिठाचा डबाच दाखवला. हरभऱ्याचं पीठ! पाण्यात शिजवून घट्ट होईस्तोवर घोटायचं, थापून गार करायचं, कापायचं आणि तेलात तळायचं. म्हणजे आपल्या पाटवड्याच, फक्त फोडणी आणि हिरवी मिरची नाही. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. मी पर्समधलं मेतकूट वरून भुरभुरलं. मालकिणीने एक तुकडा त्यात बुडवून खाल्ला, डोळे मिटले आणि नाव विचारलं. "मेतकूट" हा शब्द तिने तीनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा बरोबर जमला, तेव्हा पुडी तिलाच देऊन टाकली.

ला सिओता

मार्सेयहून तुलाँकडे जाणारी, वाटेत सगळीकडे थांबणारी गाडी घेतली. ला सिओताला उतरणारे आम्ही आणि दप्तरं घेतलेली चार-पाच शाळकरी मुलं. गाव आणि समुद्र स्टेशनापासून लांब आहेत. आम्हाला गावात जायचंच नव्हतं. आम्हाला फलाट बघायचा होता.

सिनेमाच्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध गाडी या फलाटावर येते. लुमिएर बंधूंच्या कुटुंबाचं या गावात उन्हाळी घर होतं, आणि ला सिओता स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचं ते जेमतेम ५० सेकंदांचं चित्रण त्यांनी इथेच केलं. आणि मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकीट लावून, लुमिएरांचा पहिला खेळ झाला तेव्हा त्यात गाडी येण्याचं दृश्यही होतं. तिथे चित्रं पाहून भारावलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, पुढे स्वतः कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्तीचं चित्रण केलं. मराठी माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्याचं एक टोक या फलाटापर्यंत येतं, म्हणून मला इथे उभं राहायचं होतं.

दुपार शांत होती. वारा इथे मंदावला होता, रुळांमधल्या खडीवर ऊन पडलं होतं. लेकीने फोनमध्ये ते चित्रण घालून दिलेलं. आम्ही ते लावलं आणि फलाटावर पुढे-मागे सरकत जागा शोधायला लागलो. डाव्या हाताला रूळ, उजवीकडे वाट बघत उभी माणसं, लांबून तिरपी वाढत येणारी गाडी. फलाट आता बदललाय, वर विजेच्या तारा आल्यात, तरी रुळाचा तो कल जुळल्यासारखा वाटला. ह्यांचं म्हणणं, कॅमेरा फलाटाच्या अगदी कडेला ठेवला असणार, पिवळ्या पट्टीच्या बाहेर, आजच्या नियमात ते बसलं नसतं.

मग एक गाडी आली. न थांबणारी. आधी रूळ गुणगुणले, मग दिव्याचा ठिपका, आणि बघता बघता तिने फलाट भरून टाकला. माझा पदर उडाला. पाचशे गाड्या अशा मी भुसावळला पाहिल्यात, पण हातातल्या फोनवर ती करडी, धुराची गाडी आणि समोर ही खरी, दोन्ही एकाच फलाटावर येताना पाहून अंगावर काटा आला. हे मात्र सवयीने गाडीच्या शेवटाकडे बघत होते. आपल्याकडे शेवटच्या डब्यावर एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी असते, रात्री तांबडा दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मध्येच कुठे तुटून काही मागे राहिलेलं नाही. इथल्या गाडीच्या शेपटीलाही दोन तांबडे दिवे होते. ते वळणाआड गेल्यावरच ह्यांनी मान फिरवली.

तुलाँ ते नीस

तुलाँला आमची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. घोषणा फ्रेंचमध्ये होत होत्या. बाकावर शेजारी बसलेल्या एका मुलीने दर वेळी आम्हाला इंग्रजीत सांगितलं, न विचारता. लोक चिडले नाहीत असं नाही, पण तपासनिसावर कोणी ओरडलं नाही. ह्यांनी त्याची मुद्दाम नोंद केली. गाडी लेट झाली की प्रवाशाला पहिला दिसतो तो गार्ड, आणि मनमाडच्या फलाटावर ह्यांनी त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलंय.

तुलाँनंतर रूळ समुद्र सोडून आत वळतात. उजवीकडे मोर नावाची डोंगररांग, ज्याच्या सालीची बुचं करतात त्या ओकने आणि चेस्टनटने काळोखी झालेली, आणि डोंगराच्या पायथ्याशी मैलोन्‌मैल द्राक्षं. सप्टेंबरचा शेवट, बहुतेक मळे खुडून झाले होते. वेली बुटक्या, कमरेएवढ्या, मांडव नाहीत. ह्यांना नाशिक आठवलं आणि त्यांनी लगेच दोष काढला की मांडवाशिवाय घड जमिनीच्या किती जवळ येतात. मग पाहिलं, माती खडकाळ आणि पाऊस तुटपुंजा, इथे हेच बरोबर. या पट्ट्यात फिकट गुलाबी वाइन फार होते.

फ्रेज्युसच्या अलीकडे मी बाहेर बघणं थांबवलं. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री इथलं मालपासेचं धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. पाण्याने हे रूळसुद्धा उखडून नेले. माझं माहेर पुण्याचं, नारायण पेठेतलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं. आई आयुष्यभर वेळ सांगताना "पुराच्या आधी" आणि "पुराच्या नंतर" असंच म्हणायची. फ्रेज्युसच्या घरांतूनही कोणी तसं म्हणत असेल.

सँ राफाएलला समुद्र परत आला, आणि मग जे सुरू झालं त्यासाठी ह्यांनी एवढा हट्ट धरला होता. एस्तरेलचे डोंगर. त्यांचा दगड तांबडा, अगदी गेरूसारखा, आणि तो सरळ गडद निळ्या पाण्यात उतरतो. मध्ये जेवढी जागा मिळेल तेवढ्यात रूळ बसवलेत. बोगदा, एक लाल कडा, खाली छोटी खाडी, दोन होड्या, पुन्हा बोगदा. मला काहीच पुरत नव्हतं. खाडी दिसते म्हणेपर्यंत ती खिडकीच्या कडेला जाऊन नाहीशी. मान वळवून वळवून दुखायला लागली.

"इकडे ये," हे म्हणाले. मी उठून त्यांच्या शेजारी बसले, गाडीकडे पाठ करून. पहिली दोन मिनिटं गरगरलं. मग थांबलं. इथून खाडी झटकन निघून जात नव्हती. ती खिडकीच्या जवळच्या कडेने आत यायची आणि मग हळूहळू लांब होत जायची. तांबडा कडा आधी भिंतीएवढा, मग दगडाएवढा, मग नुसता रंग. आंतेओरचा दगडी पूल ओलांडल्यावर त्याच्या खालची वाळू, त्यावर टॉवेल अंथरून बसलेली एक बाई आणि तिचं कुत्रं, कितीतरी वेळ दिसत राहिली. तेहतीस वर्षं हा माणूस ड्यूटीवरून येऊन पेंगत जेवायचा, आणि मी विचारलं काय पाहिलंत आज, तर म्हणायचा, "काही नाही, मागे पडलं सगळं." मला वाटायचं सांगायचा कंटाळा करतात. ह्यांनी बोटाने दाखवलं, दोन वळणांमागचा लाल सुळका अजून दिसत होता.

कान आणि आँतीब ही मोठ्या नावाची स्टेशनं भरभर गेली. गर्दी चढली, समुद्रावरून परतणारी ओली मुलं पायाशी बसली.

नीस, संध्याकाळ

नीस १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होतं. फ्रान्सकडे आल्यावर चारच वर्षांनी, १८६४ मध्ये, ही रेल्वे इथे पोचली, आणि थंडी टाळायला येणाऱ्या श्रीमंतांची रीघ लागली. स्टेशनाचं लोखंडी छत उंच आहे, त्याखाली संध्याकाळचा उजेड धुरकट दिसतो. मी बॅगा घेऊन दाराकडे निघाले आणि मागे पाहिलं तर हे उलट्या दिशेला, गाडीच्या शेवटाकडे चालत गेलेले. शेवटचा डबा बघून, दिवे बघून परत आले. मी काही विचारलं नाही.

खोलीवर सामान टाकून जुन्या नीसच्या गल्ल्यांत शिरलो. गल्ल्या अरुंद, भिंती पिवळ्या-केशरी, वर वाळत घातलेले कपडे. एका दुकानापुढे रांग होती. लाकडाच्या भट्टीतून हातभर रुंदीचं तांब्याचं ताट बाहेर येत होतं, त्यात सोका. पुन्हा हरभऱ्याचं पीठ! पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, एवढंच घालून ओतलेलं पातळ धिरडं, कडेने करपलेलं, मध्ये लुसलुशीत. बाईने सुरीने ओरबाडून तुकडे कागदावर टाकले आणि वरून भरपूर मिरपूड. आम्ही रस्त्याकडेच्या बाकावर बसून हाताने खाल्लं. ह्यांनी दुसरा कागद आणला, मग तिसरा. मेतकूट दुपारी देऊन टाकल्याची तेवढी हळहळ वाटली.

उद्या सकाळी नऊच्या सुमाराच्या गाडीने इटलीच्या सीमेजवळच्या माँतोंला जायचंय. समुद्र उजवीकडेच असणार, हे ह्यांनी लेकीला फोन करून पक्कं केलं. दोन्ही सीटा उलट्या धरायच्या, हे मी सांगितलं.